कोरोनात वास का जातो?



या पानावर मी नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांबद्दल लिहितो. यावेळी विषय वेगळा घेतला आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने माणसाच्या नाकावर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. पण गटाच्या बैठका संपल्या, चहा झाला, की अजूनही कोणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारते, "साहेब, कोरोना होऊन वर्षे झाली, पण कांद्याच्या फोडणीचा वास अजून घाणच येतो. हे कशाने?" एका भगिनीने तर सांगितले की घरात दूध उतू जाऊन जळाले तरी तिला कळत नाही, आणि घरचे तिला वेंधळी म्हणतात. दुसरे कारण माझे स्वतःचे आहे. ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल.

मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, मला कोरोना झाला. तीन दिवस ताप, अंगदुखी, थोडा खोकला. चौथ्या दिवशी सकाळी चहा घेतला आणि घरात विचारले, "आज गवती चहा घातला नाही का?" आतून उत्तर आले, "रोजच्यापेक्षा जास्त घातलाय." नाक मोकळे होते, सर्दीचा थेंब नव्हता. उशाशी उदबत्ती लावली. धूर दिसत होता, वास शून्य. आठ-दहा दिवसांत मी हिंडू-फिरू लागलो, जूनमध्ये कामावर आलो आणि नाकाचा विषय डोक्यातून काढून टाकला. जेवण बेचव लागायचे, पण त्या दिवसांत जिवंत राहिलो हेच पुष्कळ होते. वासाची तक्रार कोण करणार?

ऑगस्टमध्ये एका सभासदाच्या आडसाली लागणीच्या प्लॉटवर गेलो. लागण होऊन चार आठवडे होत आले होते आणि उगवण निम्मीसुद्धा नव्हती. सरीत नांग्याच नांग्या. मी दोन-चार टिपऱ्या उकरून काढल्या, चाकूने उभ्या चिरल्या. आतला भाग तांबूस, कुठे काळपट. नेहमीच्या सवयीने एक टिपरी नाकाला लावली. काही नाही. बेणे जुने आहे म्हणून तांबूस दिसते, त्यात पावसाने उघडीप दिली, असे म्हणून वहीत तसे लिहूनही टाकले. सभासदाची वृद्ध आई बांधावर बसली होती. तिने टिपरी उचलली, हुंगली आणि म्हणाली, "साहेब, ह्याला तर पिकल्या फळावानी वास येतोय की."

मी चपापलो. पिकल्या अननसासारखा वास ही तर अननस रोगाची ओळख. पदविकेच्या पहिल्या वर्षाला शिकलेली गोष्ट. बुरशी टिपरीच्या कापलेल्या तोंडातून आत शिरते, आतला गर कुजवते, आणि त्यात इथिल ॲसिटेट नावाचे द्रव्य तयार होते. वास त्याचा. मी पुन्हा टिपरी नाकाला लावली. दगड हुंगावा तसे. बाजूच्या दोन एकरांत त्याच बेण्याची, प्रक्रिया न करता, दुसऱ्या दिवशी लागण व्हायची होती. ती थांबवली, बेणे बदलले, बुरशीनाशकाच्या द्रावणात १० ते १५ मिनिटे बुडवूनच लागण केली. त्या दिवशी आजीबाई बांधावर नसत्या तर सभासदाचे दोन एकर माझ्या नाकापायी गेले असते. वहीतले पान मी खोडले आणि खाली खरे कारण लिहिले. ते पान अजून आहे.

आता मूळ विषयाकडे वळू.

वास नाकाच्या पुढच्या भागात कळत नाही. नाकाच्या पोकळीत अगदी वर, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध जेथे छत येते तेथे, पोस्टाच्या तिकिटाएवढा एक पातळ पडदा असतो. त्यात वास घेणाऱ्या मज्जापेशी असतात. त्यांची बारीक टोके खाली चिकट द्रवात बुडालेली आणि दुसरे टोक कवटीच्या हाडाला असलेल्या बारीक छिद्रांतून थेट मेंदूत गेलेले. माणसाच्या नाकात वास टिपणारी सुमारे ४०० प्रकारची ग्राहके आहेत. ही ग्राहके कोणत्या जनुकांपासून बनतात हे लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये दाखवले व २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. एकेक वास एकाच वेळी अनेक ग्राहकांना कमी-जास्त हलवतो आणि त्या जुळणीवरून मेंदू ओळखतो की ही मळी, हे पाचट, हा पहिल्या पावसाचा मातीचा वास.

आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग हा वासच असतो. जिभेला फार थोडे कळते: गोड, आंबट, खारट, कडू आणि मटणाच्या रश्श्यात असतो तसला एक मांसल स्वाद. बाकी सगळे घास चावताना घशाच्या मागून नाकात चढते. विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा. नाक चिमटीत घट्ट धरा आणि गुळाचा खडा तोंडात टाका. गोड लागेल, पण गूळ आहे की साखर, सांगता येणार नाही. आता नाक सोडा. क्षणात गूळ 'गूळ' होतो. म्हणून कोरोनातले पुष्कळ लोक म्हणत होते की तोंडाला चव नाही. त्यांची जीभ बऱ्याचदा ठीक असे, गेलेला असे तो वास. काहींची जीभही बाधित होते, पण ते प्रमाण कमी.

मिरचीचा ठसका आणि कांदा चिरताना डोळ्यांतून येणारे पाणी ही कामे दुसऱ्या मज्जातंतूची आहेत. वास गेलेल्या माणसालाही बहुधा ठसका लागतो. बामची डबी हुंगून "मला वास येतो" म्हणणारे बरेच भेटतात. तो थंडावा असतो, वास नव्हे. परीक्षा घ्यायची तर बामने घेऊ नये.

साध्या सर्दीत नाक चोंदते, वारा त्या वरच्या पडद्यापर्यंत पोचत नाही, म्हणून वास जातो. नाक मोकळे झाले की परत येतो. कोरोनात मात्र नाक मोकळे असून वास एकाएकी जात होता, आणि डॉक्टर मंडळी चक्रावली ती त्यामुळेच. हा विषाणू पेशीत शिरायला तिच्या पृष्ठावरचे एसीई-२ नावाचे प्रथिन कुलपासारखे वापरतो. प्रथम भीती अशी होती की तो वासाच्या मज्जापेशीतून चढून सरळ मेंदूत जातो. पण जुलै २०२० मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवले की वासाच्या मज्जापेशींवर हे कुलूप नाहीच. ते आहे त्यांना चिकटून उभ्या असलेल्या आधार-पेशींवर. या पेशी मज्जापेशींना धरून ठेवतात, खाऊ-पिऊ घालतात, भोवतीचा द्रव योग्य राखतात. विषाणू मारतो तो त्यांना. मज्जापेशीला थेट हात न लावता ती निकामी होते.

आपल्याला हे समजायला अवघड नाही. अननस रोगात बुरशी कोंबावर हल्ला करत नाही. ती टिपरीतला गर खाते. कोंब सुरुवातीचे काही आठवडे त्या गरावर जगतो, स्वतःची मुळे नंतर फुटतात. टिपरी कुजली की चांगला डोळाही उपाशी मरतो. नाकात तेच होते.

सुदैवाने वासाच्या मज्जापेशींत एक गुण आहे जो शरीरातल्या बहुतेक मज्जापेशींत नाही. त्या जुन्या होऊन जातात आणि तळातल्या मूळ पेशींतून नव्या फुटतात, खोडव्याला बुडख्यातून फुटवे यावेत तशा. म्हणून बहुतेकांचा वास दोन ते चार आठवड्यांत परत आला. पण सगळ्यांचा नाही. २०२२ मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांची एकत्र मोजणी प्रसिद्ध झाली, तीत वास गेलेल्यांपैकी सुमारे शंभरात पाच ते सहा जणांचा वास दीर्घकाळ बिघडलेलाच राहील असा अंदाज निघाला. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांना अशा रुग्णांच्या पडद्यात विषाणू सापडला नाही, पण शरीराच्याच संरक्षक पेशी तेथे ठाण मांडून बसलेल्या आढळल्या आणि मज्जापेशींची संख्या घटलेली दिसली. चोर पळाला तरी पोलीस घरातच बसून राहिले, घरच्यांना हालचाल करता येईना, अशातला प्रकार.

हे लक्षण सरकारी यादीत यायला वेळ लागला. महाराष्ट्रात पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले. त्याच मार्चमध्ये ब्रिटनच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने जाहीर केले की इतर लक्षण नसताना वास जाणे ही कोरोनाची खूण असू शकते. अमेरिकेने एप्रिलमध्ये, ब्रिटन सरकारने १८ मे रोजी आणि आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १३ जून २०२० रोजी वास व चव जाणे यादीत घातले. मध्यंतरी आपल्याकडे काय चालले होते ते आठवा. गळीत हंगाम उरकत आला आणि टाळेबंदी लागली. बीड-नगरचे आपले ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या तळांवर, कोपीत अडकून पडले. १७ एप्रिल २०२० ला राज्य शासनाने त्यांना तपासणी करून गावी जाऊ देण्याचा निर्णय घेतला. लाखावर माणसे होती ती, बायका-मुले, बैल, गाड्या. त्या वेळी वास जाणे हे यादीत नव्हतेच. कोणाला असेल तर तो सांगणार कोणाला? आणि सांगितले असते तरी ऐकणाऱ्याने हसण्यावारी नेले असते, हे मी माझ्यासकट म्हणतो.

पुण्यात झालेले एक काम मला फार महत्त्वाचे वाटते. तेथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, जिला आयसर म्हणतात, डॉ. निक्सन अब्राहम यांच्या प्रयोगशाळेने वास मोजण्याचे एक यंत्र तयार केले. त्यातून वेगवेगळे वास मोजक्या प्रमाणात नाकाशी सोडायचे, वास आला का ते नोंदवायचे, मग दोन वास एकच की वेगळे ते विचारायचे आणि गुण द्यायचे. २०२० मध्ये बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहकार्याने त्यांनी असे रुग्ण तपासले ज्यांचा अहवाल पॉझिटिव्ह होता पण कसलाच त्रास नव्हता. नुसते विचारले तेव्हा वास कमी झाल्याचे शंभरात सुमारे १५ जणांनी सांगितले. यंत्रावर मोजल्यावर शंभरात ८२ जणांत वासाचा दोष निघाला. म्हणजे ज्याचा वास कमी झाला त्यालाच त्याचा पत्ता नव्हता. डोळ्याला कमी दिसू लागले तर माणूस ठेचकाळतो, कानाला कमी ऐकू आले तर बायको ओरडते, पण नाकाची उणीव दाखवणारे कोणी नसते. माझ्या बाबतीत ती एका आजीबाईंनी दाखवली. याच गटाच्या पुढच्या अभ्यासात असेही दिसले की बरे झालेल्यांना वास येऊ लागला तरी दोन वासांतला फरक शिकून लक्षात ठेवायला वेळ लागतो.

आता कांद्याच्या फोडणीबद्दल. वास परत येताना काही जणांना तो चुकीचा येतो. कांदा, लसूण, कॉफी, भाजलेले मटण यांचा वास गटारासारखा किंवा जळल्यासारखा वाटतो. नव्या मज्जापेशी फुटतात, पण सगळ्या जुळण्या अजून बसलेल्या नसतात, म्हणून मेंदूला अर्धवट निरोप मिळतो. बहुधा वास जाऊन दोन-तीन महिने झाल्यावर हे सुरू होते, आणि माणूस घाबरतो की आता आणखी काय झाले. ते नाक जागे होत असल्याचे लक्षण असू शकते. अशा घरात सासूबाईंनी "नाटकं करते" असे म्हणू नये. फोडणी न देता वरण-भात, दही, ताक, थंड पदार्थ त्या माणसाला सोसतात. काही जणांना काही नसताना धुराचा वास येतो, तोही याच जातीचा प्रकार.

उपाय काय? खरे सांगायचे तर हमखास औषध नाही. नाकात मोहरीचे तेल, लिंबाचा रस, कापूर-ओव्याची पुरचुंडी असे नाना उपाय २०२१ मध्ये गावोगाव फिरले. नाकात काहीही ओतू नये, नाजूक पडदा भाजतो. स्टिरॉइडच्या गोळ्या मेडिकल दुकानातून स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, मधुमेह असणाऱ्यांनी तर मुळीच नाही. तपकीर ओढणाऱ्या ज्येष्ठांना हात जोडून विनंती, ती सोडा.

एक गोष्ट करण्यासारखी आहे आणि ती फुकट आहे: नाकाचा सराव. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे डॉ. थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये, म्हणजे कोरोनाच्या आधी, तो मांडला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास. मी चार रिकाम्या औषधाच्या बाटल्या धुऊन घेतल्या. एकीत देशी गुलाबाच्या पाकळ्या, दुसरीत लिंबाची ताजी साल, तिसरीत कुटलेली लवंग, चौथीत निलगिरी तेलाचा थेंब टाकलेला कापूस. रोज सकाळी व रात्री एकेक बाटली १५-२० सेकंद सावकाश हुंगायची, मध्ये थोडी उसंत घ्यायची. हुंगताना तो वास पूर्वी कसा होता ते मनात आणायचे. हे निम्मे काम आहे. नुसते यंत्रासारखे हुंगून उपयोग कमी. निदान बारा आठवडे करावे, चार-सहा महिने केले तर बरे. सर्वांनाच गुण येतो असे नाही, पण अपाय काही नाही. मुलांना सुरुवातीला माझी गंमत वाटायची. पुढे धाकटी स्वतः डोळे मिटून माझ्याबरोबर बसू लागली, आणि तिचे नाक माझ्यापेक्षा किती तरी तिखट आहे हे मला कळले.

ज्यांचा वास अजून आलेला नाही त्यांनी काही धोके समजून घ्यावेत. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळतात, पण नाकच बंद असेल तर ते मिसळून काय उपयोग? रात्री रेग्युलेटर बंद करायचा, नळी वेळेवर बदलायची आणि सकाळी पहिली काडी ओढण्याचे काम घरातल्या नाक शाबूत असलेल्या माणसाकडे द्यायचे. दूध, शिळी भाजी, उघड्यावरचे मटण दुसऱ्याला हुंगायला द्या. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांतून निघणारा वायू प्राणघातक असतो. त्याचा लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास अशा माणसाला कळत नाही. त्या गोळ्या झोपायच्या खोलीजवळ कोणीच ठेवू नयेत. फवारणीचा पंप गळतो का, औषध अंगावर सांडले का, हे नाकावर सोडू नका, डोळ्याने पाहा.

गोबरगॅसच्या किंवा सांडपाण्याच्या खड्ड्याबाबत तर चांगल्या नाकावरही विसंबू नये. सडक्या अंड्यासारखा वास देणारा हायड्रोजन सल्फाईड जास्त झाला की तो नाकच बधिर करतो. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असे समजून खाली उतरणारा माणूस वर येत नाही. हे कोरोनाशी जोडलेले नाही, पण लिहिता लिहिता आठवले म्हणून लिहिले.

वास जाणे म्हणजे कोरोनाच, असेही आता धरून चालू नये. २०२२ च्या सुरुवातीला ओमिक्रॉनची लाट आली तेव्हापासून या लक्षणाचे प्रमाण पुष्कळ घटले आहे. आज कोणाचा वास गेला तर सर्दी, नाकातले कोंब, डोक्याला लागलेला मार अशी कारणेही असतात. उतारवयात वास हळूहळू कमी होत गेला, जोडीला हाताला कंप आला किंवा विसरभोळेपणा वाढला, तर डॉक्टरांना दाखवा. अपघातानंतर वास गेला, एकाच नाकपुडीतून रक्त किंवा घाण येते, किंवा महिना-दीड महिना होऊनही वास आला नाही, तर नगरला किंवा बीडला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन या. ते दुर्बिणीने त्या वरच्या पडद्यापर्यंत पाहू शकतात.

माझे म्हणाल तर पहिला वास डिसेंबर २०२१ मध्ये आला. मोटारसायकलवरून फिरताना पेटलेल्या पाचटाचा धूर नाकात गेला आणि मी गाडी थांबवली. पाचट जाळू नका म्हणून मी सभासदांना वर्षानुवर्षे सांगत आलो. त्या दिवशी मात्र काही न बोलता बांधावर उभा राहिलो. आता बहुतेक वास येतात. लवंग पूर्वीसारखी, गुलाब जरा फिका. पिकल्या अननसाचा वास मात्र अजून धड ओळखू येत नाही. म्हणून आपल्या प्लॉटवर येतो तेव्हा टिपरी चिरून झाली की मी ती आधी आपल्याच हातात देतो. ती हुंगून काय वास आला ते स्पष्ट सांगावे, संकोच करू नये.